सीएफडीचा आकडा किती खरा? आधी त्रुटी मोजा, मग प्रयोगाशी तुलना करा

सीएफडी म्हणजे जागेचे छोटे तुकडे (सेल) पाडून प्रवाहाची समीकरणं संगणकावर सोडवणं; या तुकड्यांची मांडणी म्हणजे जाळी. सिम्युलेशन संपलं, ड्रॅग कोइफिशंट (प्रवाहाच्या रोधाचा आकडा) १.३५२ आला. त्यावर पहिला प्रश्न येतो तो म्हणजे प्रयोगाशी जुळतो का? माझ्या मते हा प्रश्न एक पायरी आधीच विचारला जातो. ज्या समीकरणांचं उत्तर म्हणून हा १.३५२ आला, त्याच समीकरणांच्या खऱ्या उत्तरापासून तो किती लांब आहे, हे आधी कळायला हवं. जाड जाळीची त्रुटी आणि टर्ब्युलन्स मॉडेलची (खळबळत्या प्रवाहाच्या सोप्या केलेल्या वर्णनाची) त्रुटी उलट दिशांच्या असल्या तर त्या एकमेकींना खाऊन टाकतात. उत्तर प्रयोगाशी छान जुळतं आणि जाळी बारीक केली की 'बिघडतं'. प्रत्यक्षात तेव्हा मॉडेलची खरी त्रुटी उघडी पडलेली असते. म्हणून गणिती त्रुटी वेगळी काढून मोजणं हे पहिलं काम.

ही त्रुटी चार ठिकाणांहून येते: इटरेशन (उत्तर फेरीफेरीने सुधारत नेणं) अर्धवट थांबवणं, संगणकातल्या अंकांची मर्यादा, टाइम स्टेप आणि जाळी. शेवटच्या दोन मोजायच्या तर पहिल्या दोन त्यांच्यापेक्षा बऱ्याच लहान करून ठेवाव्या लागतात. जाळीच्या त्रुटीच्या तुलनेत इटरेशनची त्रुटी किमान दहापट, शक्यतो शंभरपट लहान हवी. नाहीतर दोन जाळ्यांच्या उत्तरांतला फरक जाळीमुळे आहे की सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) लवकर थांबवल्यामुळे, हे सांगता येत नाही.

इटरेशन कधी थांबवायचं

रेसिड्यूअल ०.००१ पर्यंत उतरलं की थांबायचं, ही सवय फार पसरलेली आहे. पण रेसिड्यूअल ही समीकरणातली शिल्लक आहे, उत्तरातली त्रुटी नव्हे. त्यातून ते कशाने भागून दाखवलंय हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं. सुरुवातीचा अंदाज चांगला असेल तर पहिलंच रेसिड्यूअल लहान असतं आणि त्याच्या तुलनेत हजारपट घट व्हायला खूप इटरेशन लागतात. अंदाज वाईट असेल तर तीच घट पटकन दिसते आणि उत्तर अजून कच्चंच असतं.

'दर इटरेशनला आकडा आता फारसा बदलत नाही' ही कसोटी तर त्याहून फसवी. समजा प्रत्येक इटरेशनमधला बदल आधीच्या बदलाच्या ०.९९ पट आहे. मग उरलेल्या सगळ्या बदलांची बेरीज शेवटच्या बदलाच्या ९९ पट होते. म्हणजे ड्रॅग दर इटरेशनला ०.००००१ ने सरकत असेल, तर तो अंतिम किमतीपासून अजून जवळपास ०.००१ लांब आहे. अंडर-रिलॅक्सेशनचा आकडा, म्हणजे दर फेरीत नव्या बदलाचा जेवढा भाग स्वीकारतो तो, जितका लहान, तितका हा बदल लहान दिसतो आणि तितकीच फसगत मोठी. म्हणून लागोपाठच्या बदलांचं गुणोत्तर काढा आणि त्यावरून उरलेली त्रुटी मोजा. वहीतल्या दोन ओळींचं काम आहे.

अंडर-रिलॅक्सेशनबद्दल आणखी एक तपासणी करावी. दाब आणि वेग एकाच बिंदूवर साठवणाऱ्या सॉल्व्हरमध्ये सेलच्या बाजूंवरचा वेग शेजारच्या सेलच्या वेग-दाबांवरून ऱ्ही-चाउ पद्धतीने काढतात. त्या पद्धतीच्या मूळ रूपात पूर्ण कन्व्हर्ज झालेलं (आणखी फेऱ्यांनी न बदलणारं) उत्तरही अंडर-रिलॅक्सेशनच्या आकड्यावर थोडं अवलंबून राहतं, आणि काळाबरोबर बदलणाऱ्या प्रवाहात टाइम स्टेपवरही. दुरुस्त रूपं उपलब्ध आहेत, पण आपल्या कोडमध्ये कोणतं आहे हे गृहीत धरू नका. वेगासाठी एकदा ०.७ आणि एकदा ०.३ ठेवून दोन्ही उत्तरं शेवटपर्यंत चालवा. ती जुळली पाहिजेत.

अंकांच्या मर्यादेचं एकच उदाहरण पुरेसं आहे. सिंगल प्रिसिजनमध्ये, म्हणजे ३२ बिटांत साठवलेल्या संख्यांत, १,०१,३२५ पास्कलच्या आसपास दोन लागोपाठच्या संख्यांमधलं अंतर सुमारे ०.००७८ पास्कल असतं. संथ हवेच्या प्रवाहात दाबाचे फरकच ०.०१ पास्कलच्या घरात असतील, तर निरपेक्ष दाब साठवून त्यांचा मागोवा घेणं अशक्य आहे. वातावरणाचा दाब वजा करून उरलेला दाब साठवा किंवा डबल प्रिसिजन वापरा. रेसिड्यूअल एका पातळीवर येऊन आडवं पडलं आणि काही केल्या खाली जात नाही, तर संशय आधी इथे घ्यावा.

स्कीम प्रवाहात काय मिसळते

स्कीम म्हणजे समीकरणांतल्या टर्म शेजारच्या सेलच्या किमतींवरून काढण्याची रीत, आणि तिचा क्रम म्हणजे त्रुटी सेलच्या लांबीच्या कितव्या घाताने घटते तो आकडा. पहिल्या क्रमाची अपविंड स्कीम (प्रवाह येतो त्या बाजूच्या सेलची किंमत घेणारी) स्थिर वागते म्हणून नवशिक्यांना आवडते. ही स्थिरता येते ती तिने गुपचूप मिसळलेल्या डिफ्यूजनमुळे (फरक पसरवून पुसण्यामुळे). एका मितीत, टाइम स्टेप लहान असताना, ते वेग गुणिले सेलची रुंदी भागिले दोन इतकं असतं. वेग १ मीटर प्रतिसेकंद आणि सेल १ सेंटिमीटरचा धरला, तर हे ०.००५ चौरस मीटर प्रतिसेकंद होतं. हवेची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (घनतेने भागलेला चिकटपणा) आहे सुमारे ०.००००१५. म्हणजे प्रवाहाच्या दिशेत स्कीमची स्वतःची व्हिस्कॉसिटी हवेच्या तीनशे तीस पटींहून जास्त झाली. पाण्यासाठी हीच पट पाच हजारांच्या घरात जाते. अशा गणितात रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले आकारमान भागिले कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी) कागदावर काहीही लिहिला तरी सॉल्व्हर दुसराच, कितीतरी चिकट प्रवाह सोडवत असतो.

दोन-तीन मितींत हे डिफ्यूजन प्रवाहाच्या आणि जाळीच्या कोनावर अवलंबून असतं. प्रवाह जाळीच्या रेषांना समांतर असेल तर आडव्या दिशेचे फरक बऱ्यापैकी शाबूत राहतात. ४५ अंशांवर सगळ्यात जास्त पुसले जातात. म्हणून साध्या, सरळ चॅनलमध्ये चांगली दिसलेली स्कीम भोवऱ्यांच्या प्रवाहात तशीच चांगली वागेल असं मानू नये. तीच केस जाळी फिरवून पुन्हा चालवणं ही स्वस्त आणि बोलकी चाचणी आहे.

दुसऱ्या क्रमाच्या सेंट्रल (दोन्ही बाजूंच्या सेलना सारखं धरणाऱ्या) स्कीमचा दोष वेगळा: ती लाटा पुसत नाही, मागे पाडते. एका तरंगलांबीत १० बिंदू असतील तर लाटेचा वेग साडेसहा टक्क्यांनी कमी पडतो, २० बिंदूंना १.६ टक्क्यांनी, ४० बिंदूंना ०.४ टक्क्यांनी. १.६ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण लाट दहा तरंगलांब्या पुढे गेली की ती तरंगलांबीच्या सहाव्या भागाने मागे असते, म्हणजे फेजमध्ये सुमारे ६० अंशांची त्रुटी. ध्वनी किंवा सिलिंडरमागून सुटणारे भोवरे लांबवर न्यायचे असतील तर जाळी एका लाटेपुरती नाही, संपूर्ण प्रवासाच्या हिशेबाने ठरवावी लागते.

कोड बरोबर आहे का

जाळीचा अभ्यास करण्याआधी कोड आपल्या जाहीर केलेल्या क्रमाने वागतो का हे पाहायला हवं. इथे पाइपमधल्या किंवा दोन पट्ट्यांमधल्या पूर्ण विकसित लॅमिनार (शांत, थराथराने वाहणाऱ्या) प्रवाहाची चाचणी सर्रास दिली जाते, आणि ती अपुरी आहे. पट्ट्यांमधला तो वेग म्हणजे पॅराबोला. दुसऱ्या क्रमाच्या सेंट्रल स्कीमची त्रुटी चौथ्या डेरिव्हेटिव्हपासून सुरू होते, आणि पॅराबोलाचा चौथा डेरिव्हेटिव्ह शून्य. वर कन्व्हेक्शनची (प्रवाहाने स्वतःचा वेग वाहून नेण्याची) टर्मही शून्य. कन्व्हेक्शनचं चिन्ह उलटं लिहिलेला कोडसुद्धा ही चाचणी पास होतो.

टेलर-ग्रीन भोवऱ्यांची (ओळींनी मांडलेल्या, हळूहळू विरणाऱ्या भोवऱ्यांची) द्विमितीय केस त्याहून बरी. खरं उत्तर सूत्रात मिळतं आणि गतिज ऊर्जा किती वेगाने विरावी हे नेमकं ठाऊक असतं. पण तिथेही कन्व्हेक्शनची टर्म दाबाच्या ग्रेडियंटने पूर्ण खोडली जाते. संपूर्ण प्रवाहाला एक स्थिर, तिरका वेग दिला की भोवरे जाळीतून सरकू लागतात आणि चाचणीला धार येते.

खरी कसोटी म्हणजे हवं ते उत्तर आधी ठरवून मागे जाणं, म्हणजे मॅन्युफॅक्चर्ड सोल्यूशन्सची पद्धत. सायन, कोसायन आणि घातांकी फलनं वापरून वेग आणि दाबाची गुळगुळीत सूत्रं स्वतः रचायची. ती समीकरणांत घालून जी शिल्लक उरेल ती सोर्स टर्म म्हणून कोडमध्ये द्यायची. आता कोडने आपलं रचलेलं सूत्रच परत दिलं पाहिजे. उत्तराला भौतिक अर्थ असण्याची गरज नाही. वेग एखाद्या स्ट्रीम फंक्शनपासून (ज्याच्या डेरिव्हेटिव्हांवरून वेग मिळतो अशा सूत्रापासून) काढला तर कंटिन्युइटी (वस्तुमान टिकण्याची अट) आपोआप पाळली जाते. सूत्रं सममित ठेवू नका, कारण सममितीत त्रुटी एकमेकींना खोडतात. व्हिस्कॉसिटीही जागेनुसार बदलती घ्या; ती स्थिर ठेवली तर तिच्या ग्रेडियंटची टर्म शून्य होते आणि तिथली चूक लपून राहते. सोर्स टर्म हाताने काढू नका, सिम्बॉलिक बीजगणिताच्या सॉफ्टवेअरकडून काढून थेट कोडमध्ये उतरवा.

मग चार-पाच जाळ्या, प्रत्येक आधीच्या दुप्पट बारीक. दुसऱ्या क्रमाच्या कोडमध्ये त्रुटी दर वेळी चौपटीने घटायला हवी. सरासरी त्रुटी (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) आणि सर्वाधिक त्रुटी, दोन्ही नोंदवा. सरासरी चौपटीने घटतेय आणि सर्वाधिक मात्र दुपटीनेच, तर बहुधा सीमेजवळचं सूत्र एका क्रमाने कमी आहे. ती सर्वाधिक त्रुटी कुठल्या सेलमध्ये आहे हे पाहिलं की कारण सापडतं. चौकोनी जाळीवर क्रम दोन आणि तिरक्या जाळीवर एक आला, तर नॉन-ऑर्थोगोनल दुरुस्तीत (जाळीच्या रेषा काटकोनात नसल्याच्या भरपाईत) घोळ आहे. कुठलाही आलेख डोळ्यांनी पाहून हे कळत नाही, क्रमाच्या एका आकड्यावरून कळतं. सगळ्या तपासण्यांतली एकच ठेवायची झाली तर मी हीच ठेवेन.

जाळीचा अभ्यास, आकड्यांसह

खऱ्या केसमध्ये नेमकं उत्तर माहीत नसतं, म्हणून तीन जाळ्यांवरून अंदाज करायचा. लुईस फ्राय रिचर्डसनने १९११ मध्ये मांडलेली कल्पना इथे कामी येते, आणि पॅट्रिक रोशने १९९४ मध्ये तिला ग्रिड कन्व्हर्जन्स इंडेक्सचं, म्हणजे जीसीआयचं, रूप दिलं. जाळीमुळे उत्तरात राहिलेल्या अनिश्चिततेचा हा अंदाज.

नमुन्याचे आकडे घेऊ. प्रत्येक वेळी सेलची लांबी निम्मी. जाड जाळीवर ड्रॅग १.४०६, मधल्या जाळीवर १.३६४, बारीक जाळीवर १.३५२. पहिला फरक ०.०४२, दुसरा ०.०१२, गुणोत्तर ३.५. त्याच्या लॉगला २ च्या लॉगने भागलं की दिसलेला क्रम १.८१ येतो. स्कीम दुसऱ्या क्रमाची असेल तर हे समाधानकारक आहे. जाळी अनंत बारीक केल्यावर येणाऱ्या किमतीचा अंदाज: १.३५२ वजा (०.०१२ भागिले २.५), म्हणजे १.३४७; इथे २.५ म्हणजे ३.५ वजा १. आणि बारीक जाळीचा जीसीआय: १.२५ गुणिले (०.०१२ भागिले १.३५२) भागिले २.५, म्हणजे ०.४४ टक्के. १.२५ हा सुरक्षेचा गुणक तीन जाळ्यांसाठी आहे. दोनच जाळ्या असतील आणि क्रम गृहीत धरलेला असेल तर तो ३ घ्यायचा.

यापुढे बऱ्याच अहवालांत एक ओळ असते: मधल्या जाळीचा जीसीआय भागिले (३.५ गुणिले बारीक जाळीचा जीसीआय) हे गुणोत्तर १ च्या जवळ आलं, म्हणून जाळ्या योग्य टप्प्यात आहेत, म्हणजे त्रुटी स्कीमच्या क्रमाने घटू लागली आहे. आपल्या आकड्यांत मधल्या जाळीचा जीसीआय १.५४ टक्के येतो आणि गुणोत्तर ०.९९१. पण हे समीकरण उलगडून पाहा. क्रम त्याच तीन उत्तरांवरून काढलेला असेल तर सगळं खोडलं जाऊन हातात फक्त १.३५२ भागिले १.३६४ उरतं, आणि तेही ०.९९१ च. म्हणजे हे गुणोत्तर दोन उत्तरं एकमेकांच्या जवळ आहेत एवढंच सांगतं. क्रम ०.३ आला असता तरी ते १ च्या जवळच आलं असतं. त्या ओळीला पुरावा म्हणणं थांबायला हवं.

खरा पुरावा दोनच प्रकारे मिळतो. एक, दिसलेला क्रम स्कीमच्या क्रमाशी जुळणं. दोन, चौथी जाळी. वरच्या उदाहरणात चौथ्या जाळीवर १.३४९ आला तर नवा फरक ०.००३, गुणोत्तर ४, क्रम २, सगळं सुरळीत. १.३४५५ आला तर फरक ०.००६५, गुणोत्तर १.८५, क्रम ०.८९, मग आधीचा १.८१ हा योगायोग होता आणि ०.४४ टक्के हा आकडा मागे घ्यावा लागेल. क्रम ३.५ वगैरे आला तर आनंद मानू नका. दुसऱ्या क्रमाच्या स्कीमला तो मिळणारच नाही, दोन त्रुटी कुठेतरी एकमेकींना खोडत आहेत. अशा वेळी गणितात क्रम २ च धरा आणि गुणक ३ घ्या.

दुप्पट बारीक जाळी त्रिमितीत आठपट सेल मागते, आणि टाइम स्टेपही निम्मा केला तर सोळापट काम. म्हणून १.५ चं गुणोत्तर चालतं, म्हणजे सुमारे ३.४ पट सेल. १.३ च्या खाली जाऊ नका. तिथे जाळ्यांमधला फरक इतका लहान होतो की इटरेशनची शिल्लक त्याला झाकून टाकते.

क्रम बिघडण्याची कारणं बहुतेक वेळा सॉल्व्हरबाहेर सापडतात. सगळ्यात नेहमीचं म्हणजे जाळ्या एकमेकींच्या सारख्या नसणं. वेकमध्ये (वस्तूमागच्या प्रवाहात) सेल दुप्पट केले, भिंतीजवळचे थर तसेच ठेवले, तर गुणोत्तर २ नाही आणि कुठलाही एक आकडा नाही. एकाच साच्यातली जाळी सगळ्या दिशांना सारखी बारीक करा. वक्र पृष्ठभागावरचे नवे बिंदू जुन्या चपट्या तुकड्यांवर न ठेवता मूळ आकारावर ठेवा, नाहीतर जाळी बारीक होते आणि आकार बहुभुजाचाच राहतो.

वॉल फंक्शनची (भिंतीलगतचा प्रवाह न सोडवता सूत्राने भरण्याची) केस वेगळी धरावी लागते. भिंतीलगतच्या पहिल्या सेलचा वाय-प्लस (भिंतीपासूनचं मितीहीन अंतर) ३० ते ३०० मध्ये असावा असं ते मॉडेल सांगतं. जाड जाळीवर तो ६० होता, दोनदा निम्मा केल्यावर १५ झाला, म्हणजे ते सूत्र जिथे लागू होत नाही त्या बफर थरात. आता जाळीबरोबर मॉडेलही बदललं आणि उत्तर कशाकडेच जाणार नाही. एकतर सगळ्यात बारीक जाळीवरही वाय-प्लस ३० च्या वर राहील अशी सुरुवात करा, किंवा वॉल फंक्शन सोडून पहिला सेल १ च्या आसपास आणा. एलईएसमध्ये (मोठे भोवरे सोडवून फिल्टरपेक्षा लहान भोवऱ्यांचं मॉडेल करण्याच्या पद्धतीत) फिल्टरची रुंदी सेलशी बांधलेली असेल तर हीच अडचण संपूर्ण क्षेत्रभर असते. तिथे फिल्टर स्थिर ठेवून जाळी बारीक करणं हाच त्रुटी वेगळी करण्याचा मार्ग.

शॉक (दाब-वेगाची एकदम उडी) असलेल्या प्रवाहात दुसऱ्या क्रमाची अपेक्षाच ठेवू नये. शॉक पकडणारी कोणतीही नेहमीची स्कीम तिथे एकूण पहिल्या क्रमावर येते, आणि कॉन्टॅक्ट डिसकन्टिन्युइटीवर (जिथे घनता उडी घेते पण दाब नाही) दुसऱ्या क्रमाच्या स्कीमचा क्रम सुमारे दोन-तृतीयांश भरतो. गोदुनोव्हने १९५९ मध्ये दाखवलं की रेषीय स्कीमला खोट्या लाटा टाळायच्या असतील तर पहिल्या क्रमापलीकडे जाता येत नाही. त्यामुळे वापरात आलेले लिमिटर (खोट्या लाटा उठू न देणारी बंधनं) चढ-उतारांच्या टोकांवरही क्रम खाली आणतात.

मोजण्यासाठी राशी कोणती निवडता हेही महत्त्वाचं. झाकण सरकणाऱ्या चौकोनी पोकळीत वरच्या कोपऱ्यांवर वेग एकदम उडी घेतो आणि तिथला दाब अनंताकडे जातो. 'सर्वाधिक दाब' ही राशी घेतली तर ती प्रत्येक जाळीवर वाढतच जाईल. मध्यरेषेवरचा वेग किंवा भोवऱ्याची तीव्रता घ्या.

त्याच पोकळीचे घिया, घिया आणि शिन यांचे १९८२ चे तक्ते आजही सगळीकडे वापरले जातात. रेनॉल्ड्स नंबर १००० ला उभ्या मध्यरेषेवर त्यांचा किमान आडवा वेग उणे ०.३८२८९ आहे, १२९ × १२९ जाळीवर. बोतेला आणि पेरे यांनी १९९८ मध्ये स्पेक्ट्रल (संपूर्ण क्षेत्रभर पसरलेली फलनं वापरणाऱ्या) पद्धतीने काढलेली किंमत उणे ०.३८८५७. फरक दीड टक्का. म्हणजे तुमचं उत्तर घियांच्या बिंदूंवर तंतोतंत बसलं, तर तुमच्यातही तितकीच त्रुटी असू शकते. आलेखावर बिंदू आणि रेष चिकटलेले दिसणं म्हणजे अचूकता नव्हे. संदर्भ आकड्यालाही त्रुटी असते आणि तीही लिहायची असते. चॅनलमधल्या सिलिंडरची १९९६ ची शेफर-टुरेक केस या बाबतीत जास्त नेमकी आहे: रेनॉल्ड्स नंबर २० ला ड्रॅग ५.५७९५, लिफ्ट ०.०१०६. लिफ्ट इतकी लहान आहे की जाळीतली जराशी असमानता लगेच दिसते. म्हणून मी नेहमी आधी लिफ्ट पाहतो, मग ड्रॅग.

आता प्रयोग

इथवर आल्यावर प्रयोगाशी तुलना करायला आधार मिळतो. एएसएमई या अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेचं २००९ चं व्ही अँड व्ही २० हे मानक सोपा हिशेब देतं. सिम्युलेशन वजा प्रयोग हा एक आकडा. त्याच्या शेजारी गणिती अनिश्चितता, इनपुटची अनिश्चितता आणि प्रयोगाची अनिश्चितता यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, तिन्ही एकाच विश्वासपातळीच्या. आपल्या १.३५२ ची गणिती अनिश्चितता ०.००६ (त्याचे ०.४४ टक्के). समजा येणाऱ्या वेगाची वगैरे मिळून ०.०२०, आणि प्रयोगाची ०.०२६. वर्गमूळ ०.०३३ येतं. प्रयोगाचा आकडा १.३०० असेल तर फरक ०.०५२, म्हणजे ०.०३३ पेक्षा जास्त. मॉडेलची त्रुटी ०.०१९ ते ०.०८५ च्या दरम्यान आहे असं म्हणता येतं. प्रयोग १.३३० असेल तर फरक ०.०२२ च. मॉडेलची त्रुटी गोंगाटाखाली दडली आहे, आणि ती शून्य आहे असं त्यावरून सिद्ध होत नाही. या हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते: गणिती अनिश्चितता ०.००६ वरून ०.००३ वर आणली तरी वर्गमूळ जवळपास तेवढंच राहतं. इथे आणखी बारीक जाळीवर संगणक झिजवण्यापेक्षा येणारा वेग नीट मोजणं उपयोगाचं.

पायरीमागच्या (एकदम खाली उतरणाऱ्या तळामागच्या) प्रवाहासाठी ड्रायव्हर आणि सीगमिलर यांनी १९८५ मध्ये प्रवाह पुन्हा भिंतीला चिकटण्याचं अंतर पायरीच्या उंचीच्या ६.२६ पट दिलं, अधिक-उणे ०.१०. ही १.६ टक्क्यांची पट्टी माहीत असल्यामुळेच ती केस टर्ब्युलन्स मॉडेल तपासायला उपयोगी पडते. आर्माली आणि सहकाऱ्यांच्या १९८३ च्या पायरीवरच्या प्रयोगात वेगळा धडा आहे: रेनॉल्ड्स नंबर ४०० च्या पुढे द्विमितीय गणितं मापनापासून दूर जातात, कारण प्रत्यक्ष प्रवाह त्रिमितीय झालेला असतो. तिथे द्विमितीय जाळी कितीही बारीक केली तरी जीसीआय शून्याकडे जाईल आणि फरक तसाच उरेल. मग बाजूच्या भिंती धरून त्रिमितीय गणित करायचं.